दुबार नोंदींचा शोध

एकाच माणसाचे नाव यादीत दोनदा येणे आणि एकाच नावाची दोन माणसे यादीत असणे, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पण कागदावर त्या बहुधा सारख्याच दिसतात. संगणकात साठविलेल्या तक्त्यातून, म्हणजे ज्याला आपण आता सर्रास डेटाबेस म्हणू लागलो आहो त्यातून, पुन्हा पुन्हा आलेल्या नोंदी कशा शोधून काढतात, आणि तो शोध वरील दोन गोष्टींपाशी येऊन कसा अडखळतो, हे मला आज थोडक्यात सांगावयाचे आहे. विषय वरवर पाहता कारकुनी आहे. बँकेतील खाती, रेशनकार्डे, रुग्णालयातील केसपेपर, विम्याच्या पॉलिसी यांच्या याद्यांतून दुबार नोंदी गाळण्याचे काम कचेऱ्यांतून रोज चालते आणि त्याची फारशी चर्चा कोणी करीत नाही. परंतु ती यादी जेव्हा मतदारांची असते, तेव्हा गाळलेल्या प्रत्येक ओळीमागे एका नागरिकाचा हक्क उभा असतो. म्हणून उदाहरणासाठी मी मतदारयादीच घेतली आहे.

आपल्या देशात १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने या बाबतीत स्पष्ट नियम घालून दिला आहे. त्याचे १७ वे कलम सांगते की, कोणाही व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांच्या यादीत असू नये. आणि १८ वे कलम सांगते की, एकाच मतदारसंघाच्या यादीतही ते एकाहून अधिक वेळा असू नये. नियम सोपा आहे. पण माणसे एका जागी बसून राहत नाहीत. साताऱ्याचा तरुण नोकरीसाठी मुंबईला येतो, तेथून त्याची बदली इंदूरला होते. नव्या गावी तो नाव नोंदवितो आणि जुन्या गावचे नाव काढून टाकण्याचे मात्र राहून जाते. लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत तसेच राहते आणि सासरच्या यादीत नव्याने चढते. यात लबाडी असेलच असे नाही. पण कारण काहीही असो, दुसरी नोंद शोधावी लागतेच.

ती शोधावी कशी? कोणालाही प्रथम सुचणारा उपाय म्हणजे पहिली ओळ घ्यावी आणि ती खालच्या प्रत्येक ओळीशी ताडून पाहावी. मग दुसरी घ्यावी, मग तिसरी. यादी शंभर नावांची असेल तर हा उपाय पुरतो. पण २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी भारतातील मतदारांची संख्या सुमारे ९७ कोटी होती. इतक्या ओळींची प्रत्येकीशी प्रत्येक जोडी लावावयाची म्हटले, तर ४७ या आकड्यापुढे सोळा शून्ये मांडावीत इतक्या तुलना होतात. एखादे यंत्र सेकंदाला एक कोटी तुलना करीत असे समजले, तरी हे काम संपावयास जवळजवळ दीड हजार वर्षे लागतील.

यावर तोड अगदी साधी आहे व ती शब्दकोशावरून आपल्या परिचयाची आहे. यादी अकारविल्हे लावावी. तशी ती लावली की, सारख्या नोंदी आपोआप एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात. मग प्रत्येक ओळ केवळ तिच्या पुढच्या ओळीशी ताडून पाहिली म्हणजे झाले. यादी अशी लावण्यासाठी चांगल्या रीतीने दर नोंदीमागे सुमारे तीस तुलना पुरतात. म्हणजे वर ज्या यंत्राला दीड हजार वर्षे लागत होती, तेच यंत्र हे काम तासाच्या आत पुरे करील. दुसरी एक रीत टपालकचेरीतील खणांसारखी आहे. प्रत्येक नोंदीवर ठरावीक गणित करून एक आकडा काढावयाचा आणि त्या आकड्याच्या खणात ती नोंद टाकावयाची. सारखी नोंद नेमकी त्याच खणात पडते. निराळी नोंदही कधीकधी त्याच खणात येते खरी. पण शोध त्या एका खणापुरताच राहतो.

ही कामे करावयास आज कोणाला स्वतः यंत्राच्या अंतरंगात शिरावे लागत नाही. आय.बी.एम. या कंपनीत काम करणारे एडगर कॉड यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती ओळी आणि रकाने यांच्या साध्या तक्त्यांत ठेवावी व ती यंत्रात कोठे कशी साठविली आहे याची चिंता विचारणाऱ्याने करू नये, असा त्याचा इत्यर्थ होता. त्यातूनच पुढे एस.क्यू.एल. नावाची प्रश्न विचारण्याची भाषा निघाली. या भाषेत दुबार नोंदी शोधण्याची आज्ञा तीन शब्दांवर उभी आहे : ‘ग्रुप बाय’, ‘काउंट’ आणि ‘हॅविंग’. तिचा अर्थ असा, की अमुक रकान्यावरून ओळींचे गट पाड, प्रत्येक गटातील ओळी मोज, आणि ज्या गटांत एकाहून अधिक ओळी आहेत तेवढेच गट मला दाखव. कोट्यवधी नोंदींचा प्रश्न असा एका वाक्यात मावतो आणि यंत्र त्याचे उत्तर बिनचूक देते.

मात्र ‘अमुक रकाना’ म्हणजे कोणता, हे यंत्र सांगत नाही. ते आपण ठरवावयाचे असते. केवळ नावाचा रकाना दिला तर हजारो निरपराध नामबंधू एका गटात येऊन पडतील. उलट सगळेच रकाने दिले, तर एकही दुबार नोंद सापडणार नाही. कारण अनुक्रमांक प्रत्येक ओळीचा निराळा असतो. नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव आणि जन्मतारीख हे तीन रकाने एकत्र घ्यावेत, असे कोणी म्हणेल. पण जन्मतारखेची जागाच कोरी असली तर? गट पाडताना ही भाषा सगळ्या कोऱ्या जागा एकाच गटात घालते. तेव्हा ज्यांची तारीख कोणी लिहिलीच नाही, अशी दोन परकी माणसे केवळ नावे जुळली म्हणून एक ठरतात. यंत्राचे उत्तर चुकीचे नसते. आपण विचारलेला प्रश्न अपुरा असतो.

आता दुसरी अडचण पाहा. यंत्र अक्षरे पाहते, माणसे पाहत नाही; किंबहुना, अक्षरेही ते आपल्यासारखी पाहत नाही. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातील अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा लिहितो, तो संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी साठविता येतो. पडद्यावर आणि छापलेल्या कागदावर दोन्ही रूपे हुबेहूब एक दिसतात. पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी आडनावे होत. नावाच्या शेवटी चुकून पडलेली एक मोकळी जागाही असाच घोटाळा करते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण यंत्राच्या हिशेबात मोजली जाते.

याच्या पलीकडे नावांच्या चालीरीती आहेत, आणि आपल्या देशात त्या प्रांतागणिक बदलतात. महाराष्ट्रात नाव, बापाचे नाव, आडनाव असा क्रम. स्त्रीच्या बाबतीत लग्नानंतर मधले आणि शेवटचे अशी दोन्ही नावे बदलतात, आणि काही घरांत तर पहिलेही बदलते. बंगालमध्ये मुखोपाध्याय तेच मुखर्जी आणि बंद्योपाध्याय तेच बॅनर्जी, हे तेथील कोणीही सांगेल. यंत्राला मात्र त्यांत पहिल्या अक्षराखेरीज फारसे साम्य आढळत नाही. तमिळनाडूत अनेकांना आडनावच नसते. बापाच्या नावाचे आद्याक्षर ते नावाआधी लावतात, आणि एखाद्या अर्जात तेच पूर्ण लिहिले की नाव लांबते. रोमन लिपीत दीक्षित हे आडनाव ‘क्ष’ साठी कोणी ‘एक्स’ घालून लिहितो, तर कोणी ‘के’ आणि ‘एस’ घालून. अशा वेळी एकच माणूस दोन ओळींत बसलेला असतो आणि काटेकोर तुलना करणारे यंत्र त्याला ओळखीत नाही.

म्हणून तुलना थोडी सैल करावी, हा विचार पुढे आला. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली नावांची मांडणी उच्चारावरून करण्याच्या एका पद्धतीचे पेटंट घेतले. तीत नावाचे पहिले अक्षर ठेवून पुढच्या व्यंजनांना त्यांच्या उच्चारावरून आकडे देतात. जवळच्या उच्चाराला एकच आकडा मिळतो. सोव्हिएत गणिती व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ साली दुसरे माप सुचविले : एका शब्दाचा दुसरा शब्द करावयास किमान किती अक्षरे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, तेवढे त्या दोन शब्दांतील अंतर. या मापाने ‘जोशी’ आणि ‘जोषी’ यांत एकाच अक्षराचे अंतर आहे, आणि आपणही त्यांना एकच समजतो. पण ‘मोरे’ आणि ‘गोरे’ यांतही अंतर एकाच अक्षराचे आहे, तसेच ‘काळे’ आणि ‘काणे’ यांतही. आणि ही घराणी एक आहेत असे कोणी म्हणणार नाही. जाळ्याची वीण सैल करावी तर नको ते मासेही त्यात येतात, आणि ती घट्ट करावी तर हवे ते निसटतात. या पेचातून यंत्राच्या वेगाने सुटका होत नाही.

नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळल्यावर तरी माणूस एकच, असे धरावयास काय हरकत आहे, असे विचारले जाते. त्याचे उत्तर गणितात आहे. एका खोलीत २३ माणसे असली, तर त्यांतील कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. आता हीच गोष्ट मोठ्या यादीला लावून पाहू. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्राच्या यादीत सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. समजा, एखादे प्रचलित पूर्ण नाव दर दहा हजारांत एकाचे आहे. म्हणजे त्या नावाची ९,७०० माणसे झाली. मतदारांच्या जन्मतारखा साठ वर्षांत विखुरलेल्या आहेत असे धरले, तर एकूण तारखा सुमारे २२ हजार होतात. या हिशेबाने, नाव आणि पूर्ण जन्मतारीख दोन्ही जुळणाऱ्या, पण सर्वस्वी निराळ्या माणसांच्या दोन हजारांहून अधिक जोड्या केवळ योगायोगाने तयार होतील, आणि त्याही त्या एका नावाच्या!

हा हिशेबही सौम्यच म्हटला पाहिजे. कारण त्यात जन्मतारखा सारख्या विखुरलेल्या आहेत असे धरले आहे. प्रत्यक्षात तसे नसते. महाराष्ट्रातील मागच्या पिढ्यांतील पुष्कळ लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. मुलाला शाळेत घालावयास नेले, आईबापांना तारीख सांगता आली नाही, आणि जूनमध्ये शाळा सुरू होतात म्हणून मास्तरांनी १ जून लिहून टाकली. ती तारीख पुढे दाखल्यावरून नोकरीच्या कागदांत आणि तेथून इतर कागदांत गेली. गावातील दोन गणपत शिंदे एकाच वर्षी शाळेत गेले असले, तर यंत्राच्या दृष्टीने ते एकच होत. ज्या लोकांच्या जन्माची नोंद नीट झाली नाही, त्यांनाच दुबार ठरण्याचा धोका अधिक असतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

या अडचणीचा शास्त्रीय विचार कॅनडात झाला. हॉवर्ड न्यूकोंब आणि त्यांचे सहकारी यांनी १९५९ साली जन्माच्या आणि विवाहाच्या नोंदी संगणकाने एकमेकींशी जोडण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांनी एक मार्मिक गोष्ट हेरली. दोन नोंदींतील आडनावे जुळणे ह्याला सर्वत्र सारखे वजन देता येत नाही. आडनाव दुर्मीळ असेल तर ते जुळणे हा मोठा पुरावा होय. ते घरोघरचे असेल तर तो पुरावा फार दुबळा. ‘पाटील’ जुळणे आणि एखादे चार घरांपुरते आडनाव जुळणे यांतील फरक आपल्याला सहज कळतो. न्यूकोंब यांनी त्याला आकड्यांचे रूप दिले. याच विचाराला इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन सन्टर या कॅनडातीलच दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ साली पक्क्या गणिताचा पाया घातला. त्यांच्या पद्धतीत नोंदींच्या जोड्यांचे तीन ढीग पडतात : निश्चित जुळणाऱ्या, निश्चित न जुळणाऱ्या, आणि ज्यांविषयी सांगता येत नाही अशा. हा तिसरा ढीग माणसाने हाताने तपासावयाचा असतो. गणित जेथे थांबते ती जागा गणितानेच दाखवून द्यावी, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

तिसऱ्या ढिगाची तसदी घेतली नाही तर काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथे कॅन्सस राज्याच्या पुढाकाराने अनेक राज्यांच्या मतदारयाद्या नाव, आडनाव आणि जन्मतारीख यांवरून ताडून पाहण्याचा एक कार्यक्रम काही वर्षे चालला. त्या कार्यक्रमाचा अभ्यास करून काही संशोधकांनी २०२० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नावे वगळण्याची जी एक रीत त्या कार्यक्रमाने सुचविली होती, ती वापरली असती तर दुबार मतासाठी वापरलेल्या एका नोंदीमागे, रास्त मत देण्यासाठी वापरलेल्या सुमारे ३०० नोंदी गळून पडल्या असत्या, असा त्यांचा अंदाज होता.

येथे दोन प्रकारच्या चुकांचे वजन निरनिराळे आहे, हे उघड होते. एका माणसाची दोन नावे राहून गेली, तर ती चूक पुढेही पकडता येते. मतदानाच्या वेळी बोटाला शाई लागते, ओळख पटवावी लागते, आणि दुबार मत देणे हा गुन्हाही आहे. परंतु दोन माणसांना एक समजून त्यांतील एकाचे नाव काढून टाकले, तर ही चूक बहुधा त्या माणसाला मतदानाच्या दिवशीच कळते, आणि तोपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

आपल्या कायद्याने ही गोष्ट ओळखली आहे. १९५० च्या त्याच कायद्याच्या २२ व्या कलमात अशी तरतूद आहे की, अमुक मतदार आता तेथे राहत नाही किंवा यादीत राहावयास पात्र नाही, या कारणाने नाव काढण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याने त्याला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ च्या एका निकालात हेच तत्त्व उचलून धरले : यादीत एकदा आलेले नाव काढावयाचे तर त्या व्यक्तीला नोटीस मिळाली पाहिजे आणि तिचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. निवडणूक आयोगाच्या कामकाजात संगणकाने निवडलेल्या अशा नोंदींना ‘सारख्या दिसणाऱ्या नोंदी’ असेच म्हणतात, आणि त्यांची शहानिशा करावयास मतदानकेंद्राचा अधिकारी घरी जातो. ‘दुबार’ आणि ‘सारखी दिसणारी’ या दोन शब्दांत जे अंतर आहे, तेच संशय आणि निर्णय यांत आहे.

याच्या उलट बाजूचाही अनुभव आपल्याला आला आहे. मतदारांना छायाचित्र असलेले ओळखपत्र देण्याचा उपक्रम १९९३ साली सुरू झाला. या पत्रावरील क्रमांक, म्हणजे तीन अक्षरे आणि सात आकडे, प्रत्येकाचा वेगळा असावा असा हेतू होता. पण २०२५ साली असे दिसून आले की, निरनिराळ्या राज्यांतील काही मतदारांचे क्रमांक एकच आहेत. आयोगाने मार्च महिन्यात खुलासा केला, की पूर्वी राज्ये आपापल्या परीने हाताने क्रमांक देत असत, त्यातून हे घडले. क्रमांक एक असला तरी माणसे निराळी आहेत, त्यांचे मतदारसंघही निराळे आहेत. पुढे अशा मतदारांना नवे क्रमांक देण्यात आले. ज्या रकान्यावर सर्वांत अधिक विसंबावे, त्याच रकान्यावर कोणी डोळे मिटून नावे गाळली असती, तर दोन खऱ्या मतदारांपैकी एक त्यात बळी गेला असता.

यादी नीटनेटकी करण्याच्या भरात माणूस यादीबाहेर जातो, हे आपल्या लोकशाहीने अगदी आरंभीच पाहिले आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होत असताना उत्तरेकडील अनेक भागांत स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको अशीच नोंद त्यांनी करविली. अशा नोंदींवरून कोण कोणती हे ठरविता येईना. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी खरी नावे नोंदवावीत असा आग्रह धरला, आणि ती न मिळाल्यामुळे सुमारे २८ लाख स्त्रियांना यादीतून वगळावे लागले. तत्त्व म्हणून आयुक्तांची भूमिका योग्य होती. पुढच्या निवडणुकांत स्त्रिया स्वतःच्या नावाने यादीत आल्या त्याचे श्रेय बऱ्याच अंशी तिला आहे. तरी पहिल्या निवडणुकीत त्या २८ लाख स्त्रिया मतापासून दूर राहिल्या, ही किंमतही विसरता येत नाही.

तेव्हा दुबार नोंदींच्या शोधात यंत्राचे काम कोणते आणि माणसाचे कोणते, याची वाटणी आता स्पष्ट होते. ९७ कोटी ओळींतून संशयास्पद जोड्या वेचून काढणे हे माणसाच्या आवाक्यातले नाही. ते यंत्रानेच करावे. परंतु त्या जोडीतील दोन ओळींमागे एक माणूस आहे की दोन, हे विचारण्यासाठी कोणीतरी जिना चढून दार ठोठावलेच पाहिजे. यात आपलाही वाटा आहे. बिऱ्हाड बदलले की नव्याने नाव घालण्याचा अर्ज भरू नये. पत्ता बदलल्याचा नमुना क्रमांक ८ भरावा, म्हणजे जुनी नोंद मागे राहत नाही. सर्व कागदांवर आपले नाव एकाच रीतीने लिहावे. आणि यादीचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा, मतदानाला अवकाश असतानाच, तीत आपले नाव एकदा स्वतः पाहून घ्यावे. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना वाचता येत नसेल, तर त्यांचेही पाहावे.